स्पर्धापूर्व दडपण

स्पर्धापूर्व दडपण म्हणजे सामना सुरू होण्याआधी खेळाडूला जाणवणारी मानसिक व शारीरिक अस्वस्थता होय. क्रीडामानसशास्त्रात तिला स्पर्धाजन्य चिंता असेही म्हणतात. ती नवख्या तसेच अनुभवी खेळाडूंमध्येही आढळते. गोलरक्षक, नेमबाज, कबड्डीतील चढाईपटू अशा एकट्याने जबाबदारी पेलणाऱ्या खेळाडूंना ती विशेष तीव्रतेने जाणवू शकते. हे दडपण हा आजार नसून आव्हानाला शरीराने दिलेला स्वाभाविक प्रतिसाद आहे. मात्र ते हाताळता न आल्यास कामगिरी खालावते आणि काही मुले खेळ कायमचा सोडून देतात.

लक्षणे

छातीत धडधडणे, हातपाय गार पडणे, तोंडाला कोरड पडणे, मळमळणे, वारंवार लघवीला जावेसे वाटणे व आदल्या रात्री झोप न लागणे ही शारीरिक लक्षणे होत. ‘पोटात गोळा येणे’ हा मराठी वाक्प्रचार याच अनुभवाचे वर्णन करतो. चुकीची भीती, जुन्या पराभवाची आठवण आणि एकाग्रता ढळणे ही मानसिक लक्षणे होत.

कारणमीमांसा

आव्हान समोर दिसताच अनुकंपी मज्जासंस्था कार्यान्वित होते व ॲड्रेनॅलिन स्रवते. हृदयाची गती वाढते, रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतो आणि त्यामुळे पोटात कालवाकालव होते.

रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून उत्तेजन आणि शिकण्याची गती यांचा संबंध दाखविला. पुढे तो माणसांच्या कामगिरीलाही लावण्यात आला. उत्तेजन फार कमी असल्यास खेळाडू सुस्त राहतो व फार वाढल्यास गोंधळतो. मध्यम पातळी उपकारक ठरते. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी प्रसंगापुरती चिंता व स्वभावगत चिंता असा भेद केला. त्याच्या आधारे रेनर मार्टेन्स यांनी 1977 मध्ये स्पर्धेतील चिंता मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली.

सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचालींकडे दडपणाखाली जाणीवपूर्वक लक्ष दिल्यास त्यांतील सहजता हरवते. सायन बीलॉक व थॉमस कार यांनी 2001 मध्ये गोल्फच्या प्रयोगांतून हे दाखविले.

गोलरक्षकाचे दडपण

आघाडीच्या खेळाडूची चूक बहुधा लगेच विस्मृतीत जाते. गोलरक्षकाची चूक धावफलकावर नोंदली जाते. लॅक्रॉसमध्ये गोलाची चौकट सहा फूट रुंद व सहा फूट उंच असते आणि जाळीच्या काठीने फेकलेला कठीण रबरी चेंडू अतिशय वेगाने येतो. त्यामुळे तरुण गोलरक्षकाला अपयशाच्या भीतीबरोबर इजेचीही भीती वाटते. सामन्यात बराच काळ चेंडू दूर असतो आणि त्या रिकाम्या वेळात शंका डोके वर काढतात.

आइस हॉकीतील कॅनडाचे गोलरक्षक ग्लेन हॉल सामन्यापूर्वी उलटी होण्याइतके अस्वस्थ होत. तरीही 1955 ते 1962 या काळात ते सलग 502 सामने खेळले. अस्वस्थता आणि उत्तम कामगिरी एकत्र नांदू शकतात, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

सचिन तेंडुलकर यांनी 2021 मध्ये एका संवादात आपला अनुभव सांगितला. कारकिर्दीची पहिली दहा-बारा वर्षे सामन्याआधीच्या रात्री त्यांना झोप लागत नसे. पुढे हा आपल्या तयारीचाच भाग आहे असे त्यांनी स्वीकारले आणि झोपेशी झगडणे सोडले. चहा करणे, कपड्यांना इस्त्री करणे, बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवणे अशा साध्या कामांनी मन स्थिर राहत असे.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या सकाळी त्यांनी काही खाल्ले नव्हते. केवळ काळा चहा घेतला होता. हृदयाचे ठोके वाढले असताना आपण श्वासावर नियंत्रण ठेवले, वेगळे काही करण्याचा प्रयत्न केला नाही आणि गुणफलकाकडे पाहिले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले.

रायगड किनारपट्टीतील संदर्भ

म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या भागांत लॅक्रॉसपेक्षा कबड्डी व क्रिकेट हे खेळ रुळलेले आहेत. कबड्डीतील चढाईपटूची स्थिती गोलरक्षकासारखीच एकाकी असते. सात जणांच्या क्षेत्रात तो एकटा शिरतो आणि 30 सेकंदांत परततो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरी ‘करा किंवा मरा’ ठरते. ‘कबड्डी, कबड्डी’ हा अखंड उच्चार दीर्घ उच्छ्वासावर चालतो. म्हणजे या खेळाच्या नियमातच श्वासाची शिस्त अंतर्भूत आहे.

शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग येथे असल्याने म्हसळ्यासारख्या दक्षिणेकडील तालुक्यातील विद्यार्थ्यांना जिल्हास्तरासाठी लांबचा प्रवास करावा लागू शकतो. पहाटेची एसटी, अपुरी झोप व अनोळखी मैदान यांची दडपणात भर पडते. खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळत असल्याने एका सामन्याला परीक्षेचे वजन येते. गावच्या मातीच्या मैदानावर प्रेक्षक रेषेला टेकून उभे असतात आणि त्यांत नातलग व शेजारीही असतात. चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी गावभर होते, ही भावना लहान खेळाडूला पराभवापेक्षा अधिक बोचते.

उपाय

श्वसन : सावकाश श्वास घेऊन त्याहून अधिक वेळ उच्छ्वास केल्याने परानुकंपी मज्जासंस्था सक्रिय होते व हृदयाची गती उतरते.

स्नायुशिथिलीकरण : एडमंड जेकबसन यांनी 1929 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत एकेक स्नायुगट आवळून सैल सोडला जातो.

अर्थ बदलणे : ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 मधील अभ्यासात गाणे, भाषण व गणित यांपूर्वी ‘मी उत्साहित आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी स्वतःला शांत राहण्यास बजावणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड तीच राहते, तिचे नाव बदलते.

ठरावीक क्रम : साहित्य आदल्या रात्री तयार ठेवणे, सरावात प्रथम सोपे व नंतर कठीण फटके अडविणे, दोन्ही खांबांना स्पर्श करून जागा निश्चित करणे. गोल झाल्यानंतरचा क्रमही ठरलेला असावा : एक दीर्घ श्वास, जागेवर परतणे आणि केवळ पुढील चेंडूकडे लक्ष.

मनश्चित्रण : चेंडू अडविल्याचे चित्र मनात रंगविणे. चूक होऊन पुन्हा सावरल्याचे चित्रही त्यात असावे.

पालक व प्रशिक्षकांची भूमिका

‘घाबरू नकोस’ या सूचनेने मुलाचे लक्ष भीतीकडेच वळते. निकालाऐवजी कृतीविषयी बोलणे, सामन्याच्या तोंडावर नवे तंत्र न शिकविणे आणि पराभवानंतर परतीच्या वाटेवर चुकांची उजळणी टाळणे उपयुक्त ठरते. झोप व भूक दीर्घकाळ बिघडल्यास, घबराटीचे झटके येत असल्यास किंवा मूल शाळा टाळू लागल्यास वैद्यकीय वा मानसशास्त्रीय सल्ला घेणे आवश्यक असते.

हेही पाहा

क्रीडामानसशास्त्र
कबड्डी
लॅक्रॉस
म्हसळा तालुका