पावचोराचा माग

तीन पाव, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा, थोडं चीज आणि किरकोळ चीजवस्तू. वेल्स प्रांतात १८४८ साली झालेल्या एका घरफोडीतला हा ऐवज. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दोन इसम पकडले गेले. त्यांतला एक जोसेफ बोलिथो जॉन्स, मूळचा कॉर्नवॉलचा, वय विशी ओलांडलेलं. पुढच्या मार्चमध्ये ब्रेकनच्या न्यायालयात खटला उभा राहिला. आरोपींनी गुन्हा नाकारला, तोंडही बरंच चालवलं म्हणे. शिक्षा झाली दहा वर्षांची.

अशा माणसाचा माग काढायचा तर सरकारी कागदांखेरीज दुसरा वाटाड्या नाही. गरिबाघरी रोजनिशी कोण लिहितो? पण तो कैदी झाला की त्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण सारं दप्तरी लागतं! जॉन्स आधी इंग्लंडातल्या तुरुंगांत आणि कैद्यांसाठी नांगरून ठेवलेल्या जुन्या गलबतावर दिसतो. मग ‘पिरेनीज’ या जहाजाने १८५३ साली तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरी उतरला. आपण ज्याला काळं पाणी म्हणतो, तेच हे. मात्र वसाहतीला मजूर हवे होते. १८५० ते १८६८ या काळात सुमारे ९,७०० कैदी तिथे धाडले गेले. जॉन्सची वर्तणूक चांगली, म्हणून उतरताच त्याला सुटं राहून मजुरी करायचा परवाना मिळाला आणि १८५५ साली सशर्त माफीही.

इथे हे दप्तर मिटायला हवं होतं. पण टूडये गावाजवळच्या मूनडाइन नावाच्या रानात तो राहू लागला. चुकलेली गुरं धरून आणायची, मालकाकडून बक्षीस घ्यायचं, हा धंदा. १८६१ साली एका बिनडागाच्या घोड्यावर त्याने आपलं चिन्ह डागलं. अटक झाली. रात्री पठ्ठ्या कोठडीतून निसटला, त्याच घोड्यावर, आणि जाताना न्यायाधीशाचं खोगीर-लगामही घेऊन! पुढे घोडा मारून डाग कापून टाकला. पुरावाच नाही, तेव्हा शिक्षा झाली ती तुरुंग फोडल्याबद्दल तीन वर्षं.

खरी ठिणगी पडली ती १८६५ साली. दुसऱ्याचा बैल मारल्याच्या आरोपावरून त्याला दहा वर्षं ठोठावली. हा गुन्हा मी केलाच नाही, असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला. निवाडा बरोबर की चूक, हे आज ठरवता येणार नाही. पण यानंतरच त्याने पळण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट मला बोलकी वाटते. तो पळायचा आणि पकडला जायचा. अखेर फ्रीमँटलच्या तुरुंगात त्याच्यासाठी जारा लाकडाच्या फळ्यांची, हजारावर खिळे ठोकलेली खास कोठडी बांधली. यातून पळालास तर तुला माफ, असं गव्हर्नर हॅम्प्टन म्हणून गेले.

कोठडीने प्रकृती ढासळली, तेव्हा त्याला अंगणात पहाऱ्यात खडी फोडायला बसवलं. ती खडी वेळच्या वेळी कुणी हलवली नाही. ढीग वाढला, पहारेकऱ्याला कमरेवरचाच जो दिसू लागला. त्याचा घण मधूनच चुनखडीच्या भिंतीवर पडू लागला. ७ मार्च १८६७ रोजी भिंतीला भोक आणि कैदी पसार! पोरंसोरं गव्हर्नरसाहेबांवर गाणी म्हणू लागली.

जवळजवळ दोन वर्षं पत्ता नाही. फेब्रुवारी १८६९ मध्ये तो एका द्राक्षमळ्याच्या तळघरात दारू चोरायला शिरला आणि योगायोगाने तिथेच आलेल्या पोलिसांच्या हाती लागला. माफीचा शब्द नव्या गव्हर्नरांच्या, वेल्डसाहेबांच्या कानी गेला आणि १८७१ साली सुटका झाली. १८७९ साली त्याने एका विधवेशी लग्न केलं. त्याच साली ‘मूनडाइन’ नावाची एक कादंबरी निघाली. लिहिणारे जॉन बॉइल ओ'रायली, आयरिश बंडखोर, स्वतः तिथे हद्दपार होऊन निसटलेले. पण त्यांचा नायक निराळाच, तेव्हा माग काढणाऱ्याने कादंबरी बाजूला ठेवावी हे बरं.

म्हातारपणी जोची बुद्धी भ्रमली. १३ ऑगस्ट १९०० रोजी फ्रीमँटलच्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. तुरुंग १९९१ साली बंद झाला; ती खिळ्यांची कोठडी मात्र आजही पाहुण्यांना दाखवतात.