नखबुरशीवरील औषधी लॅकर
नखाच्या बुरशीसंसर्गावर घरच्या घरी नेलपॉलिशसारखे लावायचे औषध. संसर्ग बहुधा ट्रायकोफायटन रुब्रम या बुरशीचा असतो. नख पिवळे, जाड, ठिसूळ होते. बंगळूरच्या पावसाळ्यात बंद बुटांत ओलसर राहणारे पाय तिला मानवतात. सोरायसिसचे नखही असेच दिसते, त्यामुळे आधी खरवड तपासणे इष्ट. अमोरोल्फिन (5 टक्के) आठवड्यातून एकदा-दोनदा, सायक्लोपिरॉक्स (8 टक्के) रोज लावतात. नख कानशीने घासून पातळ करणे कंटाळवाणे, पण आवश्यक. ती कानस निरोगी नखांना वापरू नये. द्रावक उडाल्यावर उरलेल्या थरातून औषध नखात झिरपते. बिघडलेला भाग सुधारत नाही, नवे नख त्याला पुढे ढकलते. म्हणून हाताच्या नखाला सुमारे 6, पायाच्या नखाला 9 ते 12 महिने लागतात. संसर्ग मुळापर्यंत पोचल्यास बहुधा पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात.