शेजारणींची प्रार्थना

नेकनूरहून बीडमार्गे पश्चिमेस गेले असता नगर लागते. तेथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने आपले ठाणे स्थापिले. पुढे त्याच शहरी इंग्लंडातील एस. पी. जी. मिशनही आले. भाषा एक, ख्रिस्त एक, परंतु मंडळ्या मात्र दोन!

अशा भिंतींत दार पाडण्याचा मार्ग स्त्रियांनी दाखविला. १८८७ साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी प्रार्थनेचा एक दिवस ठरविला. इतर पंथांतील भगिनींनीही आपापले दिवस नेमिले. ते हळूहळू एक झाले आणि १९२७ पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. आता तो मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येतो. दरसाल निराळ्या देशातील स्त्रिया उपासनेचा क्रम रचितात. त्यामुळे कोणत्याच मंडळीस यजमानपणाचा ताठा उरत नाही.

नगरच्या त्या दोन्ही परंपरा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या. परंतु ठराव कागदावर होतात. सख्य उंबऱ्यावर जडते. म्हणून शेजारच्या मंडळीतील भगिनींस प्रार्थनेचे आमंत्रण द्यावयाचे, ते चिठ्ठीने न धाडता स्वतः जाऊन द्यावे.