बैलघोडा, पांजरपोळ आणि आईच्या वह्या

परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल' ऐकलंय ना? मुंबईत ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांनी एकदा तरी टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितलेलं असतं. पाटीवरचं नाव वेगळंच आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. पण एवढ्या वर्षांत ते लोकांच्या तोंडी काही बसलं नाही. गंमत म्हणजे आज तिथल्या रांगेत बैल किंवा घोडा दिसलाच तर लोक मोबाईल काढून फोटो घेतील. रांग असते ती टोपलीतल्या मांजरांची आणि पट्ट्यातल्या कुत्र्यांची.

मग हे नाव आलं कुठून? तर दवाखाना उभा राहिला १८८० च्या दशकात, गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून. साकरबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शेजारीच १८८६ साली पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. कापसाच्या गाठी बैलगाडीतून जायच्या आणि १८७४ ला सुरू झालेली ट्राम घोडे ओढायचे. विजेची ट्राम यायला १९०७ उजाडावं लागलं. म्हणजे शहराचं इंजिन चार पायांचं होतं. बैल लंगडला की गाडीवानाची कमाई बंद, घोडा पडला की ट्रामचा खोळंबा. दवाखाना भूतदयेतून निघाला हे खरंच, पण बैल बरा करण्यामागे हिशेबही होता. बरा झालेला बैल पुन्हा कमावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो 'प्रॉडक्शन सर्व्हर' होता. तो बंद पडून चालत नाही, त्याच्यासाठी मेंटेनन्सचं बजेट कुणीही मंजूर करतं.

पण जे जनावर कमवत नाही त्याचं काय? या प्रश्नाचं उत्तर मुंबईने आणखी पन्नास वर्षं आधी दिलं होतं, आणि ते दंगलीतून आलं.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम असे. १८३२ साली तिची मुदत वाढवण्यात आली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस! आता आठ आणे मिळणार म्हटल्यावर मोकाट कुठलं आणि घरचं कुठलं, कोण बघतो? दारातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी लोकांना तर हे सहन होणारच नव्हतं. माणूस गेला की मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा त्यांच्यात विधी आहे, 'सगदीद' म्हणतात त्याला. ६ जून १८३२ ला, त्यांच्या सणाच्या दिवशी, फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांना जमावाने चोपलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. त्यात पारशांबरोबर जैन होते, हिंदू होते, मुसलमानही होते. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली, तेव्हा सरकारला जाग आली आणि लष्कर बोलवावं लागलं. धरपकड झाली, शिक्षा झाल्या.

खरी गोष्ट यानंतरची आहे. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या दोन बड्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरला पांजरपोळ काढली. मोकाट कुत्री, भाकड गाई, थकलेले बैल, सगळ्यांना तिथे जागा. आणि पैसा? व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर थोडी थोडी लाग बसवून घेतली. माल आला-गेला की त्यातला बारीकसा वाटा पांजरपोळीला. कुणाला जड जाणार नाही एवढाच, पण न चुकता. शेटजी खूश असले तर देतील आणि नसले तर नाही, असली भानगडच नाही.

मला हे जाम आवडतं. पुढे याच पांजरपोळीची चेंबूरला शाखा झाली. त्या जागेचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते बस स्टॉप म्हणून, किंवा २०१३ साली सुरू झालेल्या ईस्टर्न फ्रीवेमुळे. ट्रॅफिकमध्ये 'पांजरपोळला अडकलोय' म्हणताना आपण एका वृद्धाश्रमाचं नाव घेतोय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

थोडक्यात काय, तर १८९० पर्यंत मुंबईकडे दोन उत्तरं तयार होती. कमावतं जनावर दुरुस्त करायचं, न कमावत्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा. यात एक जनावर बसतच नव्हतं. घरातलं. ते कमवत नाही, पण ते पांजरपोळीतही जात नाही, कारण ते 'आपलं' आहे.

आता डोंबिवलीत या.

आमच्या डोंबिवलीबद्दल लोक काहीही म्हणोत (२००५ च्या 'डोंबिवली फास्ट' सिनेमानंतर तर आम्ही सगळे बॅट घेऊन फिरतो असाच समज आहे), पण काटकसरीच्या बाबतीत या गावाचा हात धरणारं कुणी नाही. गिरगाव-दादरच्या चाळीतून उठून माणसं इकडे आली ती स्वतःच्या दोन खोल्यांसाठी. १९६४ मध्ये एमआयडीसी आली. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली. १९७२ मध्ये सरकारने महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आणली, आणि पोस्टाच्या पाच वर्षांच्या आर.डी.चे पैसे घ्यायला एजंट बाई कार्ड घेऊन दारात येऊ लागल्या. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशींबरोबर आपले बाबूजी, म्हणजे सुधीर फडकेसुद्धा तिच्या संस्थापकांत होते, हे कितीजणांना माहीत असतं? पंचायतीचं दुकान नाही. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, माल घाऊक भावात एका घरी उतरतो आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा.

आमच्या आईचं लग्न १९७६ चं. गिरगावातून ती थेट इथे आली, आणि तिच्या हिशेबाच्या वह्या १९७७ पासून आहेत. गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना त्या खाली काढल्या आणि दोन शनिवार माझे त्यातच गेले. दूध, रॉकेल, पास, पेपर, आर.डी., पंचायत, लग्नाचे अहेर. बाबांच्या चपलेला लावलेल्या टाक्याचे चाळीस पैसे. जुन्या पँटच्या पिशव्या शिवल्या, त्याच्या दोऱ्याची नोंदसुद्धा आहे! यात कंजूषपणा नाही हं. कुठलीही वस्तू तिचा पुरता उपयोग होईपर्यंत टाकायची नाही, एवढा एकच नियम आहे. साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं.

त्या वह्यांत मला एक गोष्ट शोधूनही सापडली नाही. मांजर. माझ्या लहानपणी जिन्यात कायम दोन-तीन मांजरं असायची आणि मला तर त्यांची नावंसुद्धा आठवतात. पण बारा वर्षांच्या वह्यांत त्यांच्या नावावर एक पैसा नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "अरे, ती काय आपली होती? सगळ्यांची होती. उरलंसुरलं खायची. त्यांचा कसला खर्च?"

मग मी तिला विचारलं, "त्यातलं म्हातारं झालेलं एखादं आठवतं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. एकही आठवेना. "मांजरं म्हातारी कुठे व्हायची तेव्हा? एक दिवस दिसेनाशी व्हायची."

या उत्तराने मी हबकलोच. म्हणजे पाळीव प्राण्याचं म्हातारपण ही आपल्या मध्यमवर्गीय घरांत अगदी अलीकडे आलेली गोष्ट आहे. त्यासाठी जनावराला बंद होणारं दार लागतं, लस लागते आणि त्याला नावाने ओळखणारं एक घर लागतं. आपल्याकडे हे सगळं हळूहळू जमत गेलं. ग्रिलवाले फ्लॅट आले, गल्लीत प्राण्यांचे डॉक्टर आले. कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्रीय नियम २००१ मध्ये आले आणि मोकाट कुत्री सरसकट मारण्याऐवजी नसबंदी व लस देऊन परत सोडायचं ठरलं. २०१५ मध्ये प्राणी कल्याण मंडळाने सोसायट्यांना बजावलं की बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही. आणि एक दिवस आपल्या लक्षात आलं की सोफ्यावरचं मांजर पंधरा वर्षांचं झालंय. माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरी उलटली!

आमची मनी सतरा वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी ती खूप पाणी प्यायला लागली आणि वजन उतरलं. म्हाताऱ्या मांजरांत नेहमी दिसतो तोच प्रकार, किडनी. वेगळं खाणं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासणी, आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन. सलाईन बायको घरीच द्यायला शिकली. (घरात जुनी औषधं जपून ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. तिथे काटकसर नको.)

त्या संध्याकाळी घरात सगळे गप्प होते. मला वाटलं, आता आई म्हणणार, मांजरावर एवढा खर्च? तिने वही उघडली आणि विचारलं, "महिन्याला किती?"

बायको म्हणाली, "आई, अडीच हजार धरा. तपासणीच्या महिन्यात जास्त."

"मग तीन धरू. उरतील ते पुढच्या महिन्यात." आणि मग तिने आणखी एक गोष्ट केली जी मला कधीच जमली नसती. "काय करायचं नाही तेही आत्ताच ठरवा. घरी होईल ते सगळं करू. परक्या ठिकाणी पिंजऱ्यात चार-चार दिवस ठेवायचं नाही, भीतीनेच मरेल ती. आणि खाणं कायमचं सुटलं, दुखायला लागलं, तर डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन. तेव्हा रडत बसून ठरवायचं नाही, आज ठरवायचं."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी नुसती मान हलवली. मनी फ्रीजवर झोपली होती.

मला वाटतं काटकसर म्हणतात ती हीच. खर्च कमी करणं हा तिचा फार तर निम्मा भाग झाला. अचानक अंगावर येणाऱ्या गोष्टीला दरमहाच्या ओळीत बसवायचं, मर्यादा आधी आखायची, आणि मग ती ओळ शेवटपर्यंत चालू ठेवायची. १८३४ च्या व्यापाऱ्यांनी लाग लावून हेच केलं होतं, फक्त त्यांच्याकडे कापसाच्या गाठी होत्या.

हे न जमणाऱ्यांचं काय होतं तेही सध्या डोंबिवलीत दिसतं. जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला जातायत. माणसं भाड्याच्या घरात जातात, तिथला मालक जनावर नको म्हणतो, आणि रिकाम्या बिल्डिंगच्या जिन्यात एखादं म्हातारं कुत्रं किंवा मांजर राहून जातं. पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळची शिक्षा त्यात लिहिली आहे दहा ते पन्नास रुपये दंड. १८३२ मध्ये कुत्रं मारायचे आठ आणे मिळायचे, १९६० मध्ये सोडून द्यायचे पन्नास रुपये लागले. एवढ्याने कोण थांबणार?

थांबवायचं तर लाग हाच उपाय मला सुचतो. आमच्या शेजारची बिल्डिंग गेल्या वर्षी रिकामी झाली तेव्हा तिथला कान कापलेला, म्हणजे नसबंदी झालेला म्हातारा काळू आमच्या गेटपाशी येऊन बसला. तो कुणाचाच नव्हता, म्हणून 'सगळ्यांचा' होऊन एक दिवस दिसेनासा होण्याच्याच वाटेवर होता. आईने पंचायतीच्या जुन्या सवयीने यादी केली. चौदा घरं तयार झाली, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये. दोन घरांनी कुत्र्याची भीती वाटते म्हणून नाही सांगितलं, त्यांना कुणी काही बोललं नाही. त्यात काळूचं खाणं, वर्षाची लस आणि सांध्यांचं औषध भागतं, थोडे शिल्लकही पडतात. हिशेब दर एक तारखेला नोटीस बोर्डावर लागतो. मी त्याचं ॲप करून देतो म्हटलं तर आई म्हणाली, कागद पुरे आहे. :)

तुमच्या बिल्डिंगमध्येही असा एखादा म्हातारा असेलच. बघा चौदा घरं मिळतात का. नाही मिळाली तर सातांत दोनशे.

आईची यंदाची वही परवा पाहिली. गॅस, पेपर, मनी, काळू, केबल. मनीपुढे तीन हजार, आणि कंसात मागच्या महिन्याची शिल्लक, चारशे दहा.