बार-एंड आरसा

बार-एंड आरसा हा मोटारसायकलच्या हँडलबारच्या टोकावर बसवला जाणारा, मागील रस्ता दाखवणारा आरसा होय. नेहमीचे आरसे क्लच व ब्रेकच्या लिव्हरजवळून उभ्या दांडीवर वर येतात; बार-एंड आरसा मात्र मुठीच्या बाहेर, तिच्या वर किंवा खाली असतो. कंपन रोखणारे वजनही हँडलबारच्या टोकावरच बसत असल्यामुळे असा आरसा लावणे आणि हँडलबारचे कंपन आटोक्यात ठेवणे हे दोन विषय परस्परांशी निगडित आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९५० व १९६०च्या दशकांत प्रचलित झालेल्या 'कॅफे रेसर' धाटणीच्या मोटारसायकलींवर बुटक्या हँडलबारसह असे आरसे लोकप्रिय झाले. भारतात ते प्रामुख्याने हौशी चालक नंतर बसवून घेत. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बजाज ऑटो तयार करत असलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही मोटारसायकल जुलै २०२३ मध्ये भारतीय बाजारात आली, ती कारखान्यातूनच बार-एंड आरशांसह. मुंबईच्या पूर्व उपनगरांत, चेंबूरलगतच्या कुर्ल्यातील सीएसटी रोडवर वाहनांच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे.

गुणदोष

नेहमीच्या आरशात चालकाचे खांदे व कोपर आरशाचा बराच भाग व्यापतात. बार-एंड आरसा बाहेरच्या बाजूस असल्याने हा अडथळा कमी होतो. मात्र त्यामुळे वाहनाची रुंदी दोन्ही बाजूंनी वाढते. चेंबूरच्या अमर महल चौकासारख्या गर्दीच्या ठिकाणी बस व मोटारींच्या फटीतून दुचाकी काढताना हीच वाढीव रुंदी धोक्याची ठरते. आरसा दुसऱ्या वाहनाला लागल्यास हँडल अचानक वळू शकते. दुमडता येणारे आरसे वाहन उभे करताना सोयीचे असतात, पण चालत्या वाहनाचा हा धोका त्यांनी टळत नाही. मुठीखाली लावलेल्या आरशासाठी नजर रस्त्यावरून अधिक खाली न्यावी लागते. बहिर्वक्र आरशात मागील वाहने प्रत्यक्षाहून लांब भासतात. त्यामुळे मार्गिका बदलताना मान वळवून पाहणे आवश्यक असते.

बसवण्याची पद्धत

बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलबारचा बाह्य व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. आतील व्यास मात्र नळीच्या जाडीनुसार बदलतो. त्यामुळे आरसा घेण्यापूर्वी आतील व्यास मोजावा लागतो. काही वाहनांत टोकाला आटे असलेला भाग पक्का बसवलेला असतो. तेथे जुळणारा बोल्ट पुरेसा होतो. पोकळ नळीत रबरी नळकांडे व निमुळती पाचर असलेला जोड वापरतात. ॲलन चावीने बोल्ट आवळला की पाचर आत ओढली जाते, रबर फुगते आणि नळीला घट्ट धरते.

मुठीचे टोक बंद असल्यास ते गोलाकार कापावे लागते. उजव्या बाजूस विशेष दक्षता आवश्यक असते: आरशाचा जोड आणि थ्रॉटलची फिरती नळी यांत १ ते २ मिलिमीटर अंतर न राहिल्यास थ्रॉटल अडकू शकते. काम संपल्यावर हँडल डावीकडे, मध्ये व उजवीकडे असताना थ्रॉटल सोडून ते प्रत्येक वेळी आपोआप बंद होते का, हे तपासतात. हँडल पूर्ण वळवल्यावर आरसा इंधनटाकीला आणि लिव्हर दाबल्यावर लिव्हरला लागता कामा नये. जुने आरसे काढताना काही यामाहा वाहनांच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, हे ध्यानात ठेवावे लागते. रिकाम्या झालेल्या छिद्रांत बोल्ट किंवा बुचे बसवली नाहीत, तर मुंबईच्या पावसाळ्यात तेथे पाणी शिरून आटे गंजतात.

कंपनाची कारणे

एकसिलिंडर इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनचे जडत्वबल पूर्णपणे संतुलित होत नाही. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाला या कंपनाची मुख्य वारंवारता १०० हर्ट्झ असते. हे बल फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची वारंवारता हँडलबारच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की अनुस्पंदन होऊन कंपन तीव्र होते. म्हणूनच आरसा एका ठरावीक वेगालाच धूसर दिसतो. टोकावरील वजन ही नैसर्गिक वारंवारता खाली आणते आणि टोकाची हालचाल कमी करते. वजन काढून हलका आरसा लावल्यास कंपन वाढण्याचा संभव असतो.

उपाय

प्रथम कंपनाचे मूळ शोधतात. वाहन उभे असतानाही इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर कंपन वाढत असेल, तर इंजिन व त्याचे फ्रेमवरील बोल्ट तपासावे लागतात. ते केवळ वाहनाच्या वेगानुसार बदलत असेल, तर टायर, चाकाचे संतुलन किंवा साखळीकडे लक्ष द्यावे लागते. दोष दूर केल्यावर पुढील उपाय करता येतात:

- आरशासह मूळ वजन कायम ठेवणारा किंवा स्वतः वजनदार असलेला जोड निवडणे.
- हँडलबारच्या आधाराचे झिजलेले रबरी बुश बदलणे.
- हँडलबारच्या पोकळीत शिशाचे छर्रे भरून वस्तुमान वाढवणे.
- मऊ रबर किंवा जेलच्या मुठी वापरणे. यांमुळे हाताला आराम मिळतो, परंतु आरशाचे कंपन कमी होत नाही.

अनेक आधुनिक इंजिनांत कंपन मुळाशीच कमी करण्यासाठी उलट फिरणारा संतुलक दंड असतो.

आरोग्यावरील परिणाम

दीर्घकाळ कंपन सोसल्याने बोटे बधिर होणे, मुंग्या येणे व थंडीत बोटे पांढरी पडणे अशी लक्षणे उद्भवू शकतात. हातांना जाणवणाऱ्या कंपनाच्या मोजणीसाठी आयएसओ ५३४९ हे मानक वापरले जाते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीपासून उपाययोजना करावी लागते. ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल मर्यादा आहे. दिवसभर दुचाकीवर वस्तू पोहोचवणाऱ्यांसाठी कंपन हा त्यामुळे केवळ सोयीचा नव्हे, तर व्यावसायिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

हेही पहा

- कॅफे रेसर
- अनुस्पंदन
- बहिर्वक्र आरसा