कोणत्या कामात कंबर जाते? श्रमिकांच्या कंबरदुखीविषयी थोडे

वस्तीतल्या कोणत्याही घरात विचारा, कंबर दुखणारे एक तरी माणूस निघतेच. कुणाला उसण भरलेली असते, कुणाला 'मणक्यात गॅप' असल्याचे सांगितलेले असते. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला अधू करून जगायला लावणाऱ्या कारणांमध्ये ती १९९० पासून पहिल्या क्रमांकावर आहे. दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत अमुकच बिघाड झाला आहे असे बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणूनच आम्ही इथे मणक्यापेक्षा कामाकडे पाहणार आहोत.

कंबरेला धोका कशाने वाढतो, हे बरेचसे स्पष्ट आहे: जड ओझे उचलणे, वारंवार वाकणे आणि वाकलेल्या अंगाने वळणे, वाहनाचे हादरे. म्हणून हमाल, बांधकाम मजूर, शेतमजूर, ट्रक आणि एसटीचे चालक, रुग्णांना उचलून फिरवणाऱ्या परिचारिका व आया यांच्यात हे दुखणे जास्त आढळते. बिडी कामगार बायका मांडीवर सूप घेऊन तासन् तास वाकून बसतात. ऑफिसात बसणाऱ्यांचीही कंबर दुखते, पण नुसत्या बसण्यानेच ती जाते याचा पुरावा कच्चा आहे. तरी वर्तमानपत्रातला सल्ला बहुतेक वेळा खुर्चीबद्दलच असतो!

ऊसतोडीचे काम बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. बुडख्याशी वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायची. म्हणजे वाकणे, वळणे आणि ओझे हे तिन्ही एकाच दिवसात. मजुरी टनावर, आणि उचल आधीच घेतलेली. कंबर धरली म्हणून खाडा केला तर पैसे कापले जातात. बाईला कोपीवर परतून पाणी आणि स्वयंपाक आहेच.

ओझ्याला मर्यादा सुचवलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचे सूत्र मात्र सर्व गोष्टी अनुकूल असतानाही २३ किलोपासूनच सुरू होते. आपल्याकडे सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते, आणि ती जिन्यावरून वर न्यायची असते.

भरपाईचे काय? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला व्यावसायिक रोगांची यादी जोडलेली होती. तिच्यात शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. ओझ्याने झिजलेली कंबर नव्हती. कामावर पडून मणका मोडला तर अपघात म्हणून दावा करता येतो; वीस वर्षांत हळूहळू गेला तर ते नशीब. जर्मनीत मात्र वर्षानुवर्षे जड ओझी वाहिल्याने होणारा कंबरेच्या मणक्यांमधील चकतीचा विकार १९९३ पासून व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे.

'अमुक धंद्यात इतके टक्के' असे आकडे वाचताना जपून. एक सर्वेक्षण गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, दुसरे गेल्या बारा महिन्यांबद्दल. त्यांची तुलना होत नाही. शिवाय ज्याची कंबर खरोखर गेली तो काम सोडून घरी बसलेला असतो. कामाच्या जागी मोजणी केली की तो सुटतो आणि सर्वांत जड काम त्या मानाने बरे दिसते.

उपचाराबद्दल थोडक्यात. बहुतेक वेळा काही आठवड्यांत आराम पडतो. अंथरुणाला खिळून राहू नये, झेपेल तितके हिंडते-फिरते राहावे. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये व्यायाम सुचवला, आणि कमरेचा पट्टा नेहमीचा उपचार म्हणून नको असे सांगितले. लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणे, सोबत ताप येणे यापैकी काहीही झाले तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

आपल्या वस्तीत मोजणी करायची असेल तर प्रत्येक घरी इतके विचारा: गेल्या बारा महिन्यांत कंबर दुखली का, त्यामुळे किती दिवस कामावर जाता आले नाही, किती किलो उचलता, आणि दुखण्यामुळे कुणी काम कायमचे सोडले आहे का. शेवटचा प्रश्न गाळू नका.