हळद, राख आणि पाणी

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड भागात हळद हे शेतातले पीक आहे आणि घरातले औषधही आहे. काढणीनंतर हळदीचे कंद उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर शिजवले जातात, आणि त्या कामात कुणाचा हात भाजला तर घरातल्या हळदीच्या डब्याचीच आठवण प्रथम होते. सोयाबीनच्या सोंगणीत विळा लागला तरी तेच. लढाया आणि राजवंश यांच्या इतिहासात अशा किरकोळ जखमांना जागा नसते. परंतु कापलेल्या बोटावर माणसे काय लावतात, याचाही एक इतिहास आहे, आणि आपल्या समजुतीपेक्षा तो बराच गुंतागुंतीचा आहे.

या इतिहासातील सर्वात गाजलेले प्रकरण वाचकांना ठाऊक असेल. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर' यावर एकाधिकार दिला. पेटंटचा क्रमांक ५४०१५०४. संशोधक सुमन दास आणि हरिहर कोहली, दोघेही भारतीय वंशाचे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६मध्ये त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव. जुन्या ग्रंथांपासून भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३च्या एका निबंधापर्यंत बत्तीस संदर्भ सादर झाले आणि १९९७मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. या लढ्याच्या अनुभवातूनच पुढे २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहू लागला.

हा विजय महत्त्वाचा होता, यात शंका नाही. परंतु तो नेमका कशाचा विजय होता? पेटंटच्या वादात एवढाच प्रश्न असतो, की ही गोष्ट नवीन आहे काय. ती जुनी आहे, हे सिद्ध झाले. ती गुणकारी आहे किंवा निर्धोक आहे, हा मुद्दा त्या निकालाचा नव्हता. लोकांच्या मनात मात्र या दोन गोष्टी एक झाल्या, आणि हळदीची चिमूट जणू अमेरिकेच्या शिक्क्यासह घराघरात परतली.

आता जुन्या ग्रंथांकडे पाहू. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सुश्रुतसंहितेला आजचे रूप साधारण इ.स. ५००पर्यंत आले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे या ग्रंथाचा आणि त्या राजधानीचा काळ फार दूरचा नाही. सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. आघाताने होणाऱ्या जखमांचे त्याने सहा प्रकार केले, पट्टी बांधण्याच्या चौदा रीती दिल्या, काढ्यांनी व्रण धुण्यास सांगितले, रुग्णाच्या खोलीत धुरी द्यायला सांगितले. या सगळ्यात हळद आहे, पण बहुधा ती एकटी येत नाही. इतर द्रव्यांसह कल्कात, तेलात, तुपात येते. शार्ङ्गधरसंहितेतील जात्यादि तेलात हळदीबरोबर करंज आहे, कडुनिंब आहे, आणि मोरचूदही आहे. ज्या करंजाचे नाव याच जिल्ह्यातील कारंजा गावाशी जोडले जाते, तोच हा करंज. ग्रंथातील ही सारी व्यवस्था घरापर्यंत येताना गळत गेली आणि शेवटी उरली ती डब्यातली पूड.

ग्रंथातले सगळेच आजच्या कसोटीला उतरते असेही नाही. अग्निकर्माच्या अध्यायात सुश्रुत भाजण्याच्या चार अवस्था सांगतो: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. हे वर्गीकरण आजही अभ्यासकाला थक्क करते. परंतु केवळ त्वचा होरपळली असेल, तर तो शेक द्यायला सांगतो; थंड पाण्याने रक्त थिजते आणि म्हणून ते टाळावे, अशी त्याची कारणमीमांसा आहे. आजचे वैद्यक याच्या नेमके उलट सांगते. याउलट, धनुर्वाताबाबत त्याचे निरीक्षण अचूक ठरले. आघातानंतर उद्भवणारा अपतानक बरा होत नाही, असे त्याने नोंदवले. जखम आणि तो भयंकर आजार यांचा संबंध त्याच्या ध्यानात आला होता. कारण सापडायला मात्र एकोणिसावे शतक संपत यावे लागले: १८८९मध्ये कितासातो याने धनुर्वाताचा जंतू वेगळा केला.

ग्रंथांच्या बाहेरची परंपरा तर आणखी मिश्र आहे. जखमेवर तंबाखू दाबण्याची चाल आपण 'पूर्वापार' म्हणतो. पण तंबाखू भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर. बांधावरचा एकदांडीचा, म्हणजेच दगडी पाल्याचा, रस जखमेवर पिळणारे पुष्कळ आहेत. ही वनस्पतीही मूळची अमेरिका खंडातील. पुढे टूथपेस्ट आली आणि तीही भाजलेल्या जागी लागू लागली. पिवळे बर्नोल मलम घराघरात रुजले. त्याचा तो हळदीसारखा रंग त्याच्या पथ्यावर पडला असेल, असा माझा आपला एक तर्क. तात्पर्य, लोकपरंपरा ही गोठलेली शिळा नव्हे. हाताशी येईल ते ती करून पाहते आणि पटले तर आपलेसे करते. जिने तंबाखू आणि टूथपेस्ट स्वीकारली, ती परंपरा नळाचे पाणी स्वीकारणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

'प्रथमोपचार' ही कल्पना ज्या स्वरूपात आपण शाळेत शिकलो, ती मात्र अलीकडची. इंग्लंडमध्ये १८७७मध्ये सेंट जॉन अॅम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. जर्मनीत कील येथील शल्यविशारद एस्मार्क याने १८८०च्या दशकात सामान्य लोकांसाठी व्याख्याने सुरू केली. बालवीरांच्या हातातली त्रिकोणी पट्टी ही त्याचीच देणगी. भारतात रेडक्रॉस सोसायटीचा कायदा १९२०चा. याच वर्षी अमेरिकेत अर्ल डिक्सन या कर्मचाऱ्याने, स्वयंपाक करताना वारंवार कापून आणि भाजून घेणाऱ्या आपल्या पत्नीसाठी, चिकटपट्टीवर कापसाची घडी लावली आणि बँडएडचा जन्म झाला. डॉक्टर येईपर्यंत काय करावे हे कुणालाही शिकता येते, हा या चळवळीचा खरा विचार. आणि काय करू नये, हाही तितकाच.

भाजल्यावर थंड पाणी, हा सल्ला अधूनमधून दिला गेला आणि विसरला गेला. आइसलंडचे डॉक्टर ओफेइगसन यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. आज जगभरच्या मार्गदर्शिका वाहत्या थंड पाण्याखाली भाजलेला भाग वीस मिनिटे धरावा असे सांगतात. पहिल्या तीन तासांत केव्हाही केले तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ नको. अंगठ्या आणि बांगड्या सूज येण्यापूर्वी उतरवाव्यात, फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने सैल झाकावे. भाजणे तळहातापेक्षा मोठे असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल, तर दवाखाना गाठावा. कापल्यावर स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, पिण्याच्या पाण्याने जखम भरपूर धुवावी, झाकावी आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी. नळाच्या स्वच्छ पाण्याने धुतलेल्या जखमा खारे निर्जंतुक द्रावण वापरलेल्या जखमांपेक्षा अधिक चिघळत नाहीत, असे अभ्यासांतून दिसले आहे.

मग हळदीचे काय? कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले आहे आणि होत आहे. त्यातून उद्या एखादे मलम येईलही. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते. मसाल्यांत जिवाणूंची बीजे असतात आणि बाजारी हळदीत शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ आढळलेली आहे. शिवाय पिवळ्या थराखाली भाजण्याची खोली डॉक्टरांना दिसत नाही. राख, माती आणि शेण यांचा धोका तर याहून मोठा, कारण धनुर्वाताची बीजे नेमकी तिथेच वसतात.

हळदीचा अपमान करण्याचा येथे हेतू नाही. ती आपली आहे, हे १९९७मध्ये सिद्ध झालेच. परंतु आपल्या वारशातले नेमके काय जपायचे, हा निर्णय कोणत्याही पेटंट कार्यालयाचा नसतो. सुश्रुताकडून घ्यायचेच असेल, तर जखम पाहण्याची, तिचे प्रकार ओळखण्याची, ती धुण्याची आणि स्वच्छ बांधण्याची त्याची शिस्त घ्यावी. उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यात पाणी जपून वापरावे लागते, तिथे भाजलेल्या हातावर वीस मिनिटे पाणी सोडा असे सांगणे सोपे नाही, याची जाणीव आहे. तरीही हळद शिजवायच्या जागी स्वच्छ थंड पाण्याची एक टाकी आणि एक तोटी मुद्दाम राखून ठेवता येते. वाहते पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहिले तरी चालते. एवढी तयारी ज्या शेतावर असेल, तिथे भाजलेला मजूर हळदीच्या डब्याकडे धावणार नाही.